पिशवी काढण्याआधी

"पिशवी काढून टाका, कायमची कटकट मिटेल." आमच्या कुरुंद्यात आणि आजूबाजूच्या गावांत हे वाक्य इतकं रुळलंय की ते डॉक्टर बोलला, शेजारीण बोलली की नात्यातली म्हातारी, कुणाला वेगळं वाटत नाही. अंगावरून पांढरं जातं, काढा पिशवी. पाळीत जास्त जातं, काढा पिशवी. कंबर दुखते, तरी पिशवीच. लेकरं झाली, आता तिचं काम काय, असा हिशेब. या वाक्याचा मला राग आहे. आमच्या घरातल्या एका बाईची गर्भाची पिशवी अशीच काढली गेली, आणि पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर होता हे टाके काढल्यावर कळलं.

मी अंगणवाडीत काम करते, डॉक्टर नाही. पण माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि नंतर माझी माय, अशा दोघींच्या सोबत मी दवाखाने पाहिले. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसले, एमआरआयच्या रांगेत थांबले, रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना एकेका ओळीचा अर्थ विचारला. त्यातून जे कळलं ते इथं लिहिते. गावाकडच्या बायांना हे कुणी बसून सांगत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. "पिशवीचा कॅन्सर" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात मुख्यतः दोन वेगळे आजार आहेत. एक पिशवीच्या तोंडाचा. तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्याला वाढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि आपल्या खेड्यांत जास्त करून हाच दिसतो. दुसरा पिशवीच्या आतल्या अस्तराचा. तो बहुधा पाळी गेल्यावर होतो, वजन जास्त असलेल्या, साखर आणि बीपी असलेल्या बायांमध्ये अधिक. तिसराही एक आहे, पिशवीच्या मांसल भिंतीतला. तो क्वचित होतो, त्याच्याबद्दल पुढे सांगते. या प्रत्येकाला पकडायची वाट वेगळी, प्रत्येकाला उपयोगी पडणारं मशीन वेगळं. अक्कांच्या बाबतीत घोळ झाला तो इथंच.

अक्कांना अंगावरून पांढरं जात होतं, त्याला घाण वास यायचा. मधूनच, नवरा-बायकोच्या संबंधानंतर, लाल दिसायचं. हे शेवटचं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. हळद काढणीचे दिवस होते. आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चात घरातली एकही बाई मोकळी नसते. हळद खणायची, शिजवायची, वाळवायची, मग वसमतच्या बाजारात न्यायची. तो हंगाम उरकल्यावर भावजींनी त्यांना एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं पोटावरून सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पिशवी किंचित मोठी आहे, बाकी काही विशेष नाही. "सूज आहे, काढून टाकू," असं ठरलं. आतून तपासणी झाली नाही. पिशवीचं तोंड कुणी डोळ्यांनी पाहिलंच नाही.

पिशवी काढली. निदान ती लॅबला तरी पाठवली गेली होती, हे आमचं नशीब. रिपोर्ट आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि कापलेल्या कडेपर्यंत रोग पोचलेला आहे. कडेपर्यंत म्हणजे सुरी जिथून गेली तिथंही रोग होता. म्हणजे तो आत राहिला असण्याची शक्यता.

आम्ही नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवलं, तिथून पुढं छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय आहे का?" नव्हता. "आधी तिथला तुकडा काढून तपासलेला?" तोही नव्हता. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. एमआरआय सांगितला, पण आधीच बजावलं की ताज्या ऑपरेशनची सूज, रक्ताच्या गाठी आणि टाक्यांचा वण यांत उरलेला रोग ओळखणं अवघड जातं. चाकू लागायच्या आधीचा फोटो असता तर रोग कुठून कुठपर्यंत होता हे स्वच्छ कळलं असतं. आता तो फोटो कुणालाच काढता येणार नव्हता.

मी त्यांना विचारलं, सोनोग्राफीत कसं दिसलं नाही? त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून गावातल्या प्रत्येक बाईला सांगते. पोटावरून केलेली सोनोग्राफी पिशवीची मापं सांगते. आतली गाठ, अंडाशयातली पाण्याची गाठ, किडनीला सूज आहे का, हे सांगते. पण पिशवीच्या तोंडावरचा लहान कॅन्सर तिच्यात दिसेलच याचा भरवसा नाही. तो दिसतो आतून तपासताना, दिव्याच्या उजेडात, डॉक्टरच्या किंवा नर्सच्या डोळ्यांना. संशय आला की तिथूनच चिमूटभर तुकडा घेऊन लॅबला पाठवायचा. हे काम काही मिनिटांचं आहे. म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल आली" यावर समाधान मानू नका. पांढरं जातंय, वास येतोय, संबंधानंतर लाल दिसतंय, पाळीच्या मध्येच रक्त जातंय, यातलं काहीही असेल तर "आतून तपासा" असं आपण होऊन म्हणा. लाजून गप्प बसलेल्या बाईला मशीन मदत करत नाही.

आता एमआरआय कशासाठी, हे सांगते. तुकड्यानं एवढंच कळतं की कॅन्सर आहे. तो किती पसरलाय हे तुकडा सांगत नाही. शेतात वरच्या पाल्यावरून जमिनीतला हळदीचा गड्डा किती फाकलाय हे कळत नाही, तसंच हे आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबकानं फोटो निघतो, आणि मऊ मांसातला फरक त्यात फार चांगला दिसतो. पिशवीच्या तोंडाची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे, चारच्या आत आहे की त्याहून मोठी, ती बाजूच्या मांसात शिरलीय का, लघवीच्या पिशवीला किंवा गुदाशयाला चिकटलीय का, हे त्यात दिसतं. आणि यावरच ठरतं की ऑपरेशन करायचंच की नाही.

ऑपरेशन करायचंच की नाही, हे वाचून बरेच जण थबकतील. आपल्याला वाटतं कॅन्सर म्हणजे कापून काढणं. पिशवीच्या तोंडाचा रोग लहान आणि तिथल्या तिथं असेल तर कॅन्सरचे सर्जन मोठं, वेगळ्या पद्धतीचं ऑपरेशन करतात. त्यात पिशवीबरोबर बाजूचं मांस आणि गाठीही काढतात. साध्या पिशवी काढण्याहून ते फार वेगळं. आणि रोग चार सेंटिमीटरच्या पुढं गेला, किंवा बाजूला पसरला, तर ऑपरेशन हा उपचारच राहत नाही. मग बाहेरून किरणांचा शेक, ज्याला आपल्याकडं कुणी लाईट देणं म्हणतात, त्याच्यासोबत आठवड्याला एकदा केमोचं सलाईन, आणि शेवटी आतून शेक. आतून शेक देताना एक बारीक नळी पिशवीच्या आत ठेवतात, म्हणजे किरणं थेट रोगावर पडतात आणि आसपासचे अवयव वाचतात. पिशवी आधीच काढली असेल तर ती नळी ठेवायला जागाच राहत नाही. वर पिशवीच्या रिकाम्या जागेत आतडी खाली उतरतात आणि बाहेरच्या शेकाच्या वाटेत येतात. अक्कांचं दोन्ही झालं.

स्टेज ठरवण्याची पद्धतही बदललीय. जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची फिगो नावाची संघटना आहे, स्टेजचे नियम ती ठरवते. २०१८ पर्यंत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची स्टेज मुख्यतः हातानं तपासून ठरायची, कारण हा गरीब देशांचा आजार आणि गरीब देशांत मशीन कुठून असणार, असा विचार होता. २०१८ मध्ये नियम बदलला. एमआरआय, सीटी, पेट यांत जे दिसलं तेही स्टेज ठरवताना धरायचं, असं ठरलं. पोटातल्या लसिकाग्रंथींत, म्हणजे आपण ज्यांना अवधाणाच्या गाठी म्हणतो तसल्या आतल्या गाठींत, रोग दिसला तर थेट तिसरी स्टेज. ज्या गाठी हाताला लागतच नाहीत त्या फोटोत दिसतात आणि त्यावरून शेक कुठपर्यंत द्यायचा ते ठरतं. म्हणून आज कुणी फोटोशिवाय उपचार सुरू करत असेल तर थांबून विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

पण जुनी साधी सोनोग्राफी टाकाऊ आहे असं मुळीच समजू नका. तुकड्यात कॅन्सर निघाल्यावर किडनीची सोनोग्राफी फार मोलाची असते. रोग बाजूला पसरून लघवीची नळी दाबतो तेव्हा किडनीला सूज येते. रोगामुळे किडनी फुगलेली असेल तर स्टेज आपोआप तिसरी धरतात, आणि केमोचं औषध किडनीवर जड असल्यानं आधी तिथला अडथळा मोकळा करावा लागतो. रिपोर्टात किडनीबद्दल एक ओळ असेल तर "मुतखडा असेल" म्हणून ती सोडू नका.

अक्कांचा शेक पाच आठवडे चालला, शनिवार-रविवार सोडून रोज. त्यात मी एक गोष्ट पाहिली आणि मला मनापासून आश्चर्य वाटलं. रोज शेक देण्याआधी मशीन एक फोटो काढायचं. आज लघवीची पिशवी किती भरलीय, आतडं कुठं आहे, हे पाहून मगच किरणं सोडायचे. म्हणून पाणी पिण्याचं वेळापत्रक पक्कं पाळावं लागायचं. अमुक वाजता लघवी, मग अमुक पेले पाणी, मग थांबा. लघवीची पिशवी भरली की आतडं वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला राहतं. बऱ्याच बाया लघवी दाबून बसायला कंटाळतात, गुपचूप जाऊन येतात. जाऊ नका. त्या पेल्यांवर आतड्याचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे.

याच्यामागं आपल्या महाराष्ट्रातलं मोठं काम आहे, ते सांगितलं पाहिजे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अक्कांसारख्याच, म्हणजे पिशवी काढल्यानंतर शेक लागलेल्या ३०० बायांवर एक अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीनं शेक, निम्म्यांना रोजच्या फोटोच्या आधारानं नेमक्या आकाराचा शेक. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांत आतड्याचा बऱ्यापैकी त्रास नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के बायांना झाला, फोटोच्या आधारानं दिलेल्या शेकात सुमारे २१ टक्क्यांना. त्रास निम्म्यावर, आणि रोग आटोक्यात ठेवण्यात कमी नाही. म्हणून कुणाला ऑपरेशननंतर शेक सांगितला तर "रोज फोटो काढून देणार का?" हे विचारा. अक्कांना आजही जेवणानंतर पोटाचा त्रास होतो, तिखट चालत नाही, लग्नात पंगतीला बसायचं म्हटलं तर त्या आधी मोरी कुठं आहे ते पाहतात. पण त्या आहेत. शेतातही जातात.

इथं बीडची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, राज्यानं चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरातल्या जवळजवळ सतरा. पाळीत खाडा होतो, उचल फिटत नाही, म्हणून पिशवी. आमचाही भाग उसाचा आहे, कोयता घेऊन बाहेर जाणाऱ्या बाया आमच्याकडूनही जातात. माझा जीव वेगळ्याच कारणानं तुटतो. त्या काढलेल्या पिशव्यांतल्या किती लॅबला गेल्या असतील? ज्या गेल्या नसतील त्यांत काय होतं हे आता कोण सांगणार? म्हणून एवढं तरी करा. कोणत्याही कारणानं पिशवी काढली, साध्या गाठीसाठी का असेना, तरी ती तपासणीला पाठवली का हे विचारा आणि छापील रिपोर्ट हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. तो कागद फेकू नका.

मायची गोष्ट वेगळी झाली, आणि बरी झाली. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, वय साठीच्या पुढं, साखरेची गोळी चालू. एकदा फोनवर सहज बोलली, "पोरी, मला परत डाग दिसला गं. अंगातली गर्मी असंल." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया असंच समजतात. काही जणींना तर पाळी परत आली म्हणून बरंही वाटतं. पाळी पूर्ण गेल्यावर एक थेंब दिसला तरी तो तपासायचाच, हे मी अक्कांच्या वेळी शिकले होते. मायला मी दुसऱ्याच आठवड्यात नेलं.

तिची सोनोग्राफी आतून केली. यासाठी लघवी करून यायचं असतं, पोटावरच्या सोनोग्राफीसारखी दाबून ठेवायची नसते. आतून सोनोग्राफीत पिशवीच्या अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. पाळी गेलेल्या आणि रक्त दिसलेल्या बाईचं अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी असते. त्याहून जाड असेल तर अस्तराचा नमुना घ्यायचा. मायचं तेरा निघालं. नमुना घेतला, कॅन्सर निघाला, पण सौम्य जातीचा. एक लक्षात ठेवा, चार मिलिमीटरचा हा आकडा पाळी चालू असलेल्या बायांना लागू नाही. त्यांचं अस्तर महिनाभर जाड-पातळ होतच असतं. सोनोग्राफीवाल्यानं तुमच्या पाळीबद्दल विचारलंच नाही तर तुम्हीच सांगा. शिवाय अस्तर पातळ असूनही पुन्हापुन्हा रक्त जात असेल तर परत दाखवा.

मग ऑपरेशनआधी एमआरआय. यात डॉक्टरांना एकच गोष्ट मुख्यतः पाहायची होती. रोग पिशवीच्या भिंतीत निम्म्याच्या आत आहे की निम्म्याच्या पुढं गेलाय? निम्म्याच्या पुढं गेला की आतल्या गाठींत पसरण्याचा धोका वाढतो आणि ऑपरेशन मोठं करावं लागतं. मायचा निम्म्याच्या आत होता. पिशवी, नळ्या आणि अंडाशयं काढली. काढलेल्या पिशवीचा रिपोर्टही तसाच आला, आणि शेवटचा शब्द त्या रिपोर्टचाच असतो, एमआरआयचा नव्हे. तिला शेकाची गरज पडली नाही. पिशवी दोघींचीही निघाली. मायच्या वेळी आधी नमुना, मग फोटो, मग सुरी, असा क्रम होता.

भिंतीतल्या क्वचित कॅन्सरचं एवढंच सांगते. पिशवीत साधी गाठ, म्हणजे फायब्रॉइड, असंख्य बायांना असते आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण पाळी गेल्यावर गाठ लहान व्हायला हवी. ती वाढत असेल तर एमआरआय केल्याशिवाय दुर्बिणीच्या ऑपरेशनला हो म्हणू नका. दुर्बिणीतून मोठी गाठ काढताना ती मशीननं पोटातच बारीक करतात, आणि तिच्यात कॅन्सर लपलेला असेल तर तो पोटभर पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. "गाठ अखंड काढणार की तुकडे करून, आणि तुकडे करणार तर कशात?" असं विचारलेलं कुठल्याही चांगल्या सर्जनला आवडतं.

एमआरआयला जाताना काय होतं, हे आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. नथ, जोडवी, मंगळसूत्र, पाटल्या, केसातल्या पिना, सगळं घरीच काढून ठेवा. अक्कांचं मंगळसूत्र काढायला त्या तयार होईनात, बाहेर बराच वेळ गेला. मी शेवटी साध्या काळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं तेव्हा त्या आत गेल्या. पेसमेकर, डोक्यात क्लिप, अंगात कुठलीही धातूची वस्तू असेल तर आधी सांगा. तांबी बसवलेली असेल तर तीही सांगा, तिच्यामुळं सहसा अडत नाही. मशीन खूप धडधडतं, अर्धा-पाऊण तास हलायचं नसतं. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलं तर दाबायचा. शिरेतून रंगाचं औषध देणार असतील तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात, कारण ते औषध किडनीवाटे बाहेर जातं. तो रिपोर्ट जवळ नसेल तर दिवस वाया जातो.

पेट-सीटी महाग तपासणी, आणि शहरातच मिळते. यात किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात. जिथं पेशी जोरात साखर खातात ती जागा चमकते. दूरच्या गाठींत किंवा फुप्फुसात रोग गेलाय का, हे त्यातून कळतं. काही तास उपाशी राहावं लागतं, आणि रक्तातली साखर फार वाढलेली असेल तर फोटो बिघडतो, म्हणून मधुमेहाच्या बायांनी आपल्या गोळ्या-इन्सुलिनचं आधीच विचारून घ्यावं. त्या दिवशी घरी आल्यावर काही तास लहान लेकरांना मांडीवर घेऊ नये, गरोदर बाईच्या जवळ बसू नये. आणि जे चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. टीबीची गाठही चमकते, जंतुसंसर्गही चमकतो. आपल्याकडं टीबी घरोघर. रिपोर्टात "गाठ चमकते" असं वाचून एका घरात रडारड झाली आणि सुईनं तपासल्यावर ती टीबीची निघाली, हे मी जवळून पाहिलंय.

इतके फोटो, इतका पैसा. म्हणून मी एक प्रश्न पाठ करून ठेवलाय आणि प्रत्येक वेळी नम्रपणे विचारते: "डॉक्टर, या फोटोत काय दिसलं तर आपला उपचार बदलेल?" चांगला डॉक्टर दोन वाक्यांत उत्तर देतो. कधी उत्तर येतं, "गाठी दिसल्या तर शेक वरपर्यंत नेऊ." मग खर्च करायचा. कधी ते स्वतःच म्हणतात, "खरं तर आत्ता गरज नाही." मग थांबायचं.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती घरोघर आहे. पिशवीच्या तोंडाच्या आणि अस्तराच्या कॅन्सरमध्ये तुकड्याशिवाय उपचार सुरूच होत नाही, आणि तुकड्यामुळं रोग पसरत नाही. दुसरं, आम्ही हळदीच्या मुलखातली माणसं. अक्कांना किती जणांनी कच्ची हळद, हळदीचं पाणी, हळदीच्या गोळ्या सांगितल्या, मोजदाद नाही. आपल्या हळदीचा मलाही अभिमान आहे, ती भाजीत रोज घालते. पण हळदीपायी दोन महिने घालवून नंतर दवाखान्यात गेलेली बाई मी पाहिलीय. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा शेक सुरू झाला की बाहेरचा आणि आतला मिळून आठ आठवड्यांत संपवायचा असतो, मधला खाडा रोगाला फावतो. या आजारात वेळ ही औषधाइतकीच मोठी गोष्ट आहे.

आणि कोणतंही मशीन लागायच्या आधीची गोष्ट. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला की एचपीव्हीची एक तपासणी केली तरी वाढलेल्या स्टेजचे रोगी आणि मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी साधारण दहावी शिकलेल्या बायांना शिकवून, व्हिनेगर लावून पिशवीचं तोंड पाहण्याची तपासणी करवली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दहावी शिकलेल्या बाया! हे वाचलं तेव्हा अंगणवाडीच्या खुर्चीत मी ताठ बसले. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते. आशाताईला विचारा. रांग लागलेली मी अजून पाहिली नाही, ती लागली पाहिजे.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक हे सगळं बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. कोणती तपासणी पॅकेजात येते आणि कोणती खिशातून करावी लागेल, हे त्याला आधी विचारा, मशीनखाली झोपल्यावर नाही. हेल्पलाईन १५५३८८. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना, ते घरी बघून घ्या. माहेरचं नाव एकीकडं आणि सासरचं दुसरीकडं, यात किती बायांचे दिवस गेलेत. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच, रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो.

एमआरआय-सीटीची नुसती फिल्म आणि छापील कागद घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर सीडी लावून स्वतः फोटो पाहतो, आणि कधीकधी छापील रिपोर्टाहून वेगळं बोलतो. सीडी नसेल तर तीच तपासणी परत करावी लागू शकते. तुकड्याच्या काचा आणि मेणाचा ठोकळा, ज्याला ते ब्लॉक म्हणतात, तोही लॅबकडून मागा, तो तुमचाच असतो. सगळं तारखेनुसार एका पिशवीत ठेवा. उन्हात, चुलीजवळ ठेवू नका.

उपचार संपले की बाया दर महिन्याला फोटो काढायला उत्सुक असतात. त्याची गरज नसते. शेकानंतरची सूज उतरायला वेळ लागतो, घाईत काढलेल्या फोटोत सूज आणि रोग यांत गोंधळ होतो. म्हणून उरलेलं पाहायचा एमआरआय किंवा पेट शेक संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी करतात. पुढं पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी आतून तपासणी, आणि फोटो काही कारण दिसलं तरच. मात्र एका पायाला सूज आली, कंबरेतून पायात जाणारी कळ थांबेना, लघवीत किंवा संडासात रक्त दिसलं, खालून परत लाल गेलं, धाप लागली, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका. सीडीची पिशवी घ्या आणि सकाळची पहिली गाडी धरा.